बायनाबाई कुठे जाते

अठ्ठावीस वर्षं मी नेकनूरजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. एवढ्या वर्षांत गावानं माझ्या इंग्रजीचा उपयोग केला तो फक्त औषधांच्या बाटल्या वाचून घ्यायला. खोकल्याची कोणती आणि ढोरांच्या गोचिडाची कोणती, एवढं सांगितलं की माझं काम संपायचं. त्यामुळे दोन हजार अठराच्या दसऱ्याआधी सुग्रीव दवाखान्याचं कार्ड घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मला वाटलं की गोळ्यांच्या वेळा विचारायला आला असेल.

सुग्रीव शेजारच्या बायनाबाईचा मुलगा आणि माझा जुना विद्यार्थी. नववीत शाळा सोडून आईबापाच्या मागं ऊसतोडीला गेला तो गेलाच. बाप धोंडीराम वारून अकरा वर्षं झाली. त्यानंतरही बायनाबाई सुग्रीव आणि सून छबू यांच्याबरोबर हंगामाला जात होती. पासष्टी ओलांडली तेव्हा सुग्रीवनं तिला घरी बसवलं. पहिली चार वर्षं ती एकटी नीट राहिली. या वर्षी मात्र तिचं डोकं फिरल्यासारखं झालं. चूल पेटवून विसरायची, मला धोंडीराम समजून चहा आणून द्यायची. उन्हाळ्यात दोनदा घरातून निघून गेली आणि दोन्ही वेळा मांजरसुंब्याच्या रस्त्यावर सापडली. म्हणून सुग्रीव तिला बीडला डॉक्टरकडे घेऊन गेला होता.

"सर, ह्यात काय लिव्हलंय?" त्यानं कार्डावर बोट ठेवलं.

डॉक्टरांचं अक्षर चक्क वाचता येत होतं. शेवटची ओळ होती, पेशंट टेंड्स टू लीव्ह होम.

"घर सोडून जाण्याकडे कल आहे, असं लिहिलंय."

"कल म्हंजे? जाईल का न्हाई जायाची?"

आता हा प्रश्न मला अठ्ठावीस वर्षं विचारला जात होता. टेंड टू शिकवायला लागलो की वर्गातलं कुणीतरी विचारायचंच, सर, नेहमी का कधीकधी? मी म्हणायचो, दोन्ही नाही. जनावर मोकळं सोडलं तर ते हिरव्याकडे वळतं. रोज वळतंच असं नाही, पण वळलं तर नवल वाटत नाही. तसं ते आहे. आणि एक गोष्ट मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचो, की एकदा घडलेल्या गोष्टीला हे लावायचं नाही. ज्याच्याबद्दल म्हणायचं त्याला पुष्कळ दिवस पाहिलेलं असावं लागतं. मुलं वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत चुकवत. सुग्रीवनंही चुकवलं असेल.

तेच सगळं मी त्याला दारात उभं करून पुन्हा सांगितलं. निवृत्त मास्तराला असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर, मला हो का न्हाई एवढंच सांगा," तो म्हणाला. "सटवा मुकादमाला शब्द दिलाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक लागतोय. आई जाणार असंल तर आमी हितं ऱ्हातो. पण ऱ्हाऊन करायचं काय? शेतात काडी न्हाई. टँकर आठ दिवसाला येतोय."

"तिला सोबत ने की."

"सटवा न्हाई म्हनतोय. म्हातारी फडात हरवली, ट्रॅक्टरखाली आली तर कोन बघायचं? तिला राखायला एक मानूस बसलं म्हंजे कोयता मोडला."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. छबू आईजवळ बसली तर सुग्रीव अर्धाच उरणार. त्याचं म्हणणं खरं होतं. त्याला ठरवायचं होतं आणि माझ्याकडे ठरवण्यासारखं काहीच नव्हतं, तरी मी म्हणालो, "तू जा. मी आहे ना."

तो शब्द मी असाच देऊन टाकला. फार विचार केला नाही, कारण तेव्हा मी कशाचाच फार विचार करत नव्हतो. माझी बायको सावित्री जाऊन दोन वर्षं झाली होती. ती गेल्यावर रडावं लागेल म्हणून मी बरीच वाट पाहिली, पण तसं काही झालं नाही. दुःख झालं नाही, आनंदही होत नव्हता. सकाळी उठायचं, गावच्या दूध संस्थेत जायचं, सचिव म्हणून रजिस्टरवर सही करायची, परत यायचं. तोंड आल्यावर जेवणाची चव जाते तसं काहीसं झालं होतं. मुलगा पुण्याहून फोन करायचा, मी बरं आहे म्हणायचो आणि ते खोटंही नव्हतं.

दसरा झाला आणि गाव रिकामं झालं. दरवर्षी होतं, पण त्या साली दिवाळीसाठीसुद्धा कुणी थांबलं नाही. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या आणि माणसं भरली आणि तीन दिवसांत गावात म्हातारे, दारांना कुलपं आणि टँकरची टाकी एवढंच राहिलं. निघताना छबू माझ्याजवळ आली. ही बाई कमी बोलते आणि बोलते ते कामाचं बोलते.

"सर, संस्थेत जाताना भायेरून कडी लावत जावा."

"अगं, माणूस आहे ती, ढोर आहे का?"

"लावत जावा," छबू म्हणाली आणि ट्रकमध्ये चढली.

मी कडी लावली नाही. महिना नीट गेला. सकाळी मी तिला भाकरी आणि वरण द्यायचो, ती मला मास्तर म्हणायची किंवा धोंडीराम म्हणायची, जसा दिवस असेल तसं. कधी भल्या पहाटे उठून गोधडी घडी करून दाराशी बसलेली दिसायची. कुठं निघालीस विचारलं तर म्हणायची, "ट्रक आला न्हाई अजून." मी म्हणायचो, येईल. मला वाटायचं, म्हातारपणाचं बडबडणं आहे. त्यात काही अर्थ असेल असं मला वाटलं नाही आणि मी तर शब्दांचा अर्थ सांगणारा माणूस.

कार्तिकात दूध संस्थेची वार्षिक सभा होती. कधीकाळी चारशे लिटर दूध गोळा करणाऱ्या संस्थेत आता साठ लिटर येत होतं आणि सभेला आम्ही पाच जण होतो. तरी कागद पूर्ण करावे लागतात. अकरा वाजता गेलो, दीड वाजता परत आलो. बायनाबाईचं दार सताड उघडं होतं. भाकरी ताटलीत तशीच होती.

मी गावभर फिरलो. दुष्काळाची तेवढी एकच सोय, की विहिरीत वाकून बघताना जिवाला घोर लागत नव्हता, तळ कोरडा दिसायचा. तरी मी सगळ्या विहिरी पाहिल्या. मांजरसुंब्यापर्यंतचा रस्ता मोटरसायकलवर पाहिला. नेकनूरच्या बसस्टँडवर विचारलं, चौकीत नोंद केली. पोलिसानं विचारलं, "माहेर कुठलं?"

"तलवाडा. गेवराई तालुका."

"मग तिकडंच गेली असंल. डोकं फिरलं की बाया माहेराला जातात."

मलाही तेच वाटत होतं. किंबहुना मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. बाई म्हटलं की तिची ओढ माहेराकडे, हे आपण सगळ्यांनी पाठच करून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी मी तलवाड्याला गेलो. बायनाबाईचे दोन्ही भाऊ वारलेले. एका भावाचा नातू घरी होता, त्याला आपल्या आजोबांना अशी कुणी बहीण होती हेच माहीत नव्हतं. त्यानं चहा दिला. मी आणखी एक दिवस तिथल्या वाड्या-वस्त्यांवर विचारत फिरलो. अमुक रंगाचं लुगडं, कपाळावर गोंदण, उजव्या हाताच्या करंगळीला नख नाही. हे करंगळीचं मला कसं आठवलं कोण जाणे. भाकरी घेताना दिसलं असावं.

सुग्रीवला मी फोन केला नव्हता. तो तिकडे चिकोडीच्या बाजूला उसात होता. आज सापडेल, उद्या सापडेल, उगाच कशाला कळवायचं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे लाज वाटत होती. बाकी काही वाटत नव्हतं, पण लाज मात्र शाबूत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केला. सुग्रीवनं ऐकून घेतलं. मग छबूनं फोन घेतला.

"सर, घरात जावा. आतल्या खोलीत खुटीला कोयता हाय का बघा."

मी फोन कानाला लावून तिच्या घरात गेलो. खुंटी रिकामी होती.

"नाही."

"गोधडी? तवा?"

तेही नव्हतं. तीन दिवसांत मी त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं.

"मंग माहेराला कावून हुडकता?" छबू म्हणाली. "त्या दिशी आपल्या बाजूनं कोन्ची टोळी गेली ते बघा."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी एवढा शिकलेला माणूस आणि मला एवढंही कळू नये, याचं तिला जरा नवल वाटत होतं इतकंच.

मग सापडायला एक दिवससुद्धा लागला नाही. मुकादम एकमेकांना ओळखतात. सटवानं चार ठिकाणी फोन लावले. त्या दिवशी दुपारी आष्टीकडची एक उशिरा निघालेली टोळी आमच्या फाट्यावरून गेली होती. फाट्यावर ट्रक थांबवून आणखी दोन गावांतली माणसं त्यात चढली. बायनाबाई तिथं गोधडी, तवा आणि कोयता घेऊन बसलेली होती. तीही चढली. आष्टीवाल्यांना वाटलं ही फाट्यावरच्यांपैकी, फाट्यावरच्यांना वाटलं ही आष्टीवाल्यांची. हातात कोयता असलेल्या म्हातारीला ट्रकमध्ये कोण विचारतो की तू कुठं निघालीस? एका बाईनं तर तिला हात देऊन वर घेतलं.

सांगलीच्या बाजूला एका सहकारी कारखान्याच्या हद्दीत टोळी उतरली, तेव्हा गोंधळ लक्षात आला. प्रत्येक जोडप्याला कोप, म्हणजे बांबू-पाचटाची झोपडी, घालायला जागा वाटून दिली आणि ही एकटी उरली. तोवर तिनं चार बांबू उचलून स्वतःच कोप बांधायला सुरुवात केली होती. नाव विचारलं तर म्हणाली, धोंडीरामची बायको. गाव विचारलं तर म्हणाली, सोलापूरच्या अलीकडचं. त्या टोळीत केशरबाई नावाची एक बाई होती. तिनं पंधरा वर्षांपूर्वी बायनाबाईबरोबर एका फडात काम केलेलं होतं. तिनं दोन दिवसांनी ओळखलं, पण कुणाला कळवायचं हे तिलाही माहीत नव्हतं.

मी एसटीनं सोलापूर गाठलं, तिथून मिरज, तिथून जीपनं. सुग्रीव दुसऱ्या बाजूनं आला. सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही दोघं फडावर पोचलो. मी जन्मभर ऊसतोड कामगारांच्या गावात राहिलो आणि साठी उलटल्यावर पहिल्यांदा ऊस तोडताना पाहत होतो, हे मला तिथं उभं राहिल्यावर लक्षात आलं.

माझ्या कल्पनेतली बायनाबाई कुठंतरी सावलीला भेदरून बसलेली होती. खरी बायनाबाई फडाच्या मधोमध वाकलेली होती. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला फडकं. तोडलेल्या उसाच्या शेजारी उभी राहून ती एक नजर टाकायची, हातात मावतील तेवढे ऊस ओढायची, उसाच्या शेंड्याच्या हिरव्या वाढ्याला पीळ द्यायची, गुडघा रोवायची आणि मोळी बांधून मोकळी व्हायची. पुढची. पुढची. घरी चहाचा कप तिच्या हातात थरथरायचा. इथं हात एकदाही चुकत नव्हता. शेजारच्या तरण्या बाईची मोळी सैल झाली तर तिनं ती सोडून पुन्हा बांधली आणि त्या बाईला दोन शब्द सुनावले. सगळे हसले. बायनाबाईही हसली.

शेजारी राहून मी तिला चाळीस वर्षं ओळखत होतो. पण हंगाम सुरू झाला की ती जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. तिचं अर्धं आयुष्य मी पाहिलंच नव्हतं. मला माहीत असलेली बायनाबाई ही सुट्टीतली बायनाबाई होती.

सुग्रीव पुढं झाला. "आई."

तिनं मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं, ओळख पटली नाही. "उभा कावून ऱ्हायलास? मोळी उचल की."

सुग्रीवनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून मोळी डोक्यावर घेतली आणि ट्रकपर्यंत नेऊन टाकली. परत आला तर दुसरी तयार होती. तीही नेली. दुपारची भाकर खाईपर्यंत तो मोळ्या वाहत होता आणि ती बांधत होती. आई पुन्हा म्हणाला नाही. मी बांधावर पाचटावर बसून होतो.

भाकर खाताना टोळीचा मुकादम म्हणाला, "म्हातारी लई कामाची हाय बरं का. आमाला काई तरास न्हाई तिचा."

केशरबाई म्हणाली, "रातीला माझ्या कोपीतच झोपती. गुमान झोपती."

सुग्रीव मला बाजूला घेऊन गेला. "सर, माझ्यासंगं नेऊ का हिला? सटवा आता न्हाई म्हननार न्हाई. मोळ्या बांधती म्हनल्यावर काय म्हनंल? छबू हायेच."

आणि इथं मी बोललो. कुणी विचारलं की उत्तर द्यायचं, ही माझी जन्माची सवय.

"सत्तर वर्षांची बाई आहे ती," मी म्हणालो. "आयुष्यभर उसात राबली. आता या थंडीत, पाचटावर झोपवून तिच्याकडून पुन्हा तेच करून घेणार? लोक काय म्हणतील तुला? आजारी आहे ती, सुग्रीव. तिला कळत नाही म्हणून ती इथं आली. तुला तरी कळायला पाहिजे."

हे सगळं मला मनापासून वाटत होतं. ज्या उसानं तिचा नवरा लवकर नेला, तिच्या पोराची शाळा घालवली, त्याच्याकडेच ती पुन्हा चालत जाते, याची मला चीड आली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा आलेली चीड. पण त्याच्या आत आणखी एक गोष्ट होती आणि ती आज मी लिहून टाकतो. मी शब्द दिला होता आणि तो माझ्या हातून मोडला होता. तिला घरी परत नेलं की तो पुन्हा जोडल्यासारखा होणार होता. मला तिच्यापेक्षा त्या शब्दाची काळजी होती.

सुग्रीव म्हणाला, "तुमी म्हनता तर तसंच. तुमाला जास्त कळतं."

तिला फडातून काढणं सोपं गेलं नाही. ती रडली नाही, ओरडली नाही, नुसती पुन्हा पुन्हा मागं वळत होती. सुग्रीवनं तिच्या हातातून कोयता काढून घेतला. ती म्हणाली, "अजून गाडी भरली न्हाई." एसटीत मिरजेपासून सोलापूरपर्यंत दुतर्फा ऊस दिसेल तिथं ती उठून उभी राहायची आणि मी तिला दंडाला धरून खाली बसवायचो. पुढं ऊस संपला, बोडकी रानं सुरू झाली, तेव्हा ती झोपली.

या वेळी मी कडी लावली. छबूचं ऐकायचं ठरवलं होतं. पहिले आठ-दहा दिवस ती दाराशी यायची, कडी वाजवायची, थांबायची, पुन्हा वाजवायची. मी बाहेरून म्हणायचो, "बायनाबाई, ट्रक अजून आला नाही." मग वाजवणं कमी झालं. सकाळी गोधडीची घडी होईना. मी जिथं बसवीन तिथं ती बसायला लागली. भाकरी हातात दिली तर खायची, नाही दिली तर मागायची नाही. मास्तरही म्हणेना, धोंडीरामही म्हणेना. सुग्रीवचा रोज संध्याकाळी फोन यायचा.

"आई कुटं गेली तर न्हाई ना, सर?"

"नाही रे. घरातच आहे."

"बरं झालं."

संक्रांतीनंतर मी तिला तपासणीला बीडला नेलं. डॉक्टर चांगला माणूस होता, त्यानं आपुलकीनं चौकशी केली. आता बाहेर जातात का, विचारलं. नाही म्हणालो. त्यानं कार्डावरच्या त्या जुन्या ओळीवर रेघ ओढली आणि म्हणाला, छान सुधारणा आहे. मी कार्ड खिशात ठेवलं. तिला जिना उतरवताना दोन्ही हातांनी धरावं लागलं.

त्यानंतर मी कडी काढून टाकली. सकाळी दार उघडं ठेवून संस्थेत जायचो आणि परत येताना माझं पाऊल आपोआप भराभर पडायचं. दार उघडंच असायचं आणि ती आत भिंतीला टेकून बसलेली असायची. एकदा मी तिला हाताला धरून उंबऱ्यापर्यंत आणलं. फाट्याकडे बोट दाखवलं, म्हणालो, "बायनाबाई, तो बघ ट्रक." तिकडे खरंच एक ट्रक उभा होता, चाऱ्याचा. तिनं पाहिलं. मग ती उंबऱ्यावरच खाली बसली आणि ऊन येईपर्यंत बसून राहिली. मला त्या वेळी भीती वाटली. चांगली स्वच्छ भीती, ओळखता येईल अशी.

पाडव्याच्या आधी टोळ्या परतल्या. गावात पुन्हा माणसांचे आवाज आले, टाकीवर भांडणं सुरू झाली. सुग्रीव ट्रकमधून उतरला तो थेट माझ्याकडे आला. आधी आईकडे जा म्हणालो तर म्हणाला, आधी तुमाला भेटतो. त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी पाय मागं घेईपर्यंत उशीर झाला होता.

"तुमी व्हते म्हनून सर," तो म्हणाला. "न्हाई तर आमचं काय झालं असतं? चार महिने तिनं घर सोडलं न्हाई. लई उपकार झाले."

तो मनापासून बोलत होता. त्याचे डोळे भरले होते. मी त्याला थांबवायला हवं होतं, पण काय सांगून थांबवणार होतो?

आम्ही त्यांच्या घरात गेलो. सुग्रीव आईसमोर बसला, तिचा हात हातात घेऊन काहीबाही सांगू लागला, प्रवास कसा झाला, बैल कुणाचा मेला, सटवा कसा भांडला. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी पाहत होती. छबूनं चूल पेटवली, पाणी तापवलं आणि सासूला आंघोळीला न्यायला काखेत हात घालून उठवलं. बायनाबाईचे पाय खाली टेकले, पण उभे राहिले नाहीत. छबूनं पुन्हा उचललं. पुन्हा तसंच. मग तिनं सासूला अलगद खाली बसवलं, पिंढऱ्या चाचपून पाहिल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाहिलं.

"आवं, भायेरून जरा पानी आना," ती सुग्रीवला म्हणाली. तो बाहेर गेला.

मग ती माझ्याकडे वळली. हळू आवाजात, नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "सर, उसात व्हती तवा चालत व्हती ही."

"हो," मी म्हणालो.

छबूनं मान हलवली. त्यानंतर तिनं सासूला दोन्ही हातांवर उचललं आणि न्हाणीकडे घेऊन गेली.